मिनँडरच्या ब्राँझच्या नाण्यावरचं चाक धम्माचंच ना?

काल मिनँडरच्या त्या छोट्या चौकोनी नाण्याचा फोटो झूम करून बघत बसलो होतो. एका बाजूला आठ आऱ्यांचं चाक, भोवती ग्रीकमध्ये 'बासिलेओस सोतेरोस मेनांद्रू', मागे खजुराची झावळी आणि खरोष्ठी लिपीत 'महरजस त्रतरस मेनंद्रस', म्हणजे तारणहार महाराज मिनँडर. इ.स.पू. दुसऱ्या शतकात गांधार-पंजाबवर राज्य करणारा हा यवन, म्हणजे ग्रीक राजा, म्हणजेच पाली ग्रंथात बौद्ध भिक्खू भदंत नागसेनांना प्रश्न विचारणारा मिलिंद, मग ते धम्मचक्र नाही तर काय? मी नागसेनवनात, मिलिंद कॉलेजात शिकलोय, मला हे नाणं घरातलं वाटतं.

प्रतिसाद १
मिलिंद मलाही जवळचा, पण झावळी ही ग्रीकांची विजयाची खूण आहे आणि चाक चक्रवर्ती राजाचंही असतं. त्याच्या चांदीच्या नाण्यांवर वज्र फेकणारी ग्रीक देवी अथेना आहे, आणि ब्राँझमध्ये जे नाणं भरपूर मिळतं त्यावर हत्तीचं डोकं आणि मागे ग्रीक वीर हेराक्लिसची गदा. चाकवालं त्यामानाने दुर्मिळ. चाकावरून बौद्ध ठरवायचा तर गदेवरून काय ठरवणार?

धागाकर्ता
चांदी मोठ्या देण्याघेण्याची, ब्राँझ म्हणजे बाजारातली चिल्लर. ज्याला ग्रीक वाचता येत नाही त्यालासुद्धा चाक कळतं, म्हणून ते तिथे आलं. शिवाय 'ध्रमिक', म्हणजे धर्माने वागणारा, असं लिहिलेली मिनँडरच्या नावाची नाणी आहेतच की.

प्रतिसाद २
ध्रमिकवाली नाणी बहुतेक अभ्यासक नंतरच्या दुसऱ्या मिनँडरची मानतात, ती यात धरू नका. आणि लोकांना कळावं म्हणून चाक घातलं असं तुम्हीच म्हणताय, मग त्यात राजाची श्रद्धा कुठे दिसली? मिनँडरच्या आधीच्या अगाथोक्लिस या ग्रीक राजाने ब्राँझवर कमानींची टेकडी आणि कठड्यातलं झाड घेतलं, ही तिथली स्थानिक चिन्हं, आणि अफगाणिस्तानातल्या ऐ-खानूमला सापडलेल्या त्याच्या चांदीच्या नाण्यांवर एकीकडे वासुदेव, दुसरीकडे बलराम. त्याला भागवत म्हणायचं की बौद्ध?

धागाकर्ता
अगाथोक्लिसचा मुद्दा पटला. पण ग्रीक लेखक प्लुटार्क लिहितो की मिनँडर छावणीत वारला आणि त्याच्या राखेसाठी शहरं भांडली, शेवटी वाटून घेऊन सगळ्यांनी स्मारकं बांधली. बुद्धांच्या अस्थींचं असंच झालं होतं ना?

प्रतिसाद १
प्लुटार्क दोनशेहून जास्त वर्षांनी लिहितोय. तरी धरून चालू, पण त्यातून प्रजेचा जीव राजावर होता एवढंच कळतं.

धागाकर्ता
एवढा जीव उगाच लावत नाही कुणी. चाक मी धम्माचंच मानतो, फक्त यापुढे ध्रमिकचा पुरावा देणार नाही.