ऑर्डर घटल्या, रेटही घटला, काय करावं भाऊ?

मानकापूरवाला:
तीन वर्षं झाली डिलिव्हरी करतो. आधी नागपुरात धरमपेठेत संध्याकाळी दम घ्यायला वेळ नसायचा. आता कॉफी हाऊस चौकात आम्ही अकरा पोरं गाडीला टेकून मोबाईलकडे पाहत राहतो. काल १२ तास लॉगिन, १४ ऑर्डर, हातात ५१० रुपये. त्यातले १८० पेट्रोलचे. नोकरी गेलेली पोरंही याच लाइनीत आली, काहून नाही येणार? इन्सेंटिव्हला १५ लागतात, अन् १४ झाल्या की ॲप थंड पडते, देव जाणे कसं. उन्हात तर ब्रेकची दांडीही चटका देते. अपघात झाला तर आपल्याले काही मिळते का?

बर्डीकर:
ई-श्रमवर, म्हणजे असंघटित कामगारांच्या सरकारी पोर्टलवर, नाव टाकलं का? फुकट आहे, आधारला मोबाईल जोडलेला पाहिजे. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. ॲप कंपनीनं उलाढालीचे १ ते २ टक्के आपल्यासारख्या कामगारांच्या सामाजिक सुरक्षा निधीत टाकायचे, असं त्यात आहे. तुझा रेट काही त्यानं वाढत नाही, ते सांगून ठेवतो.

इतवारीची ताई:
मागच्या पावसाळ्यात आमच्या ह्यांचा पाय मोडला. विमावाल्यांनी पहिले विचारलं, पडले तेव्हा ऑर्डर चालू होती का? मोबाईल तर फुटलेला. ऑर्डर घेतली की स्क्रीनशॉट घरी पाठवत जा.

मानकापूरवाला:
पाठवतो ताई. थांबा, वाजला. साडेसहा किलोमीटर, २८ रुपये.