काल होता, आज नाही: मॅक्रोने छळल्याचे अनुभव लिहा

सुरुवात माझ्याच गाढवपणाने करतो. एक्सेलमध्ये महिनाअखेरच्या हिशेबाचा मॅक्रो (कामं आपोआप करणारा कोड) लिहिला, दिवसभर चालवला, सेव्ह केला. दुसऱ्या दिवशी कोडची खिडकी उघडायला आल्ट-एफ११ दाबलं तर मॉड्यूलचा, म्हणजे कोड लिहिलेल्या पानाचा, पत्ता नाही. फाइल एक्सएलएसएक्स म्हणून सेव्ह झाली होती, आणि त्यात कोड राहतच नाही. एक्सएलएसएम किंवा एक्सएलएसबी लागते. एक्सेलने विचारलं होतं, मीच न वाचता 'येस' दाबलं. बरं, फाइल बंद करेपर्यंत मॅक्रो चालत होता, त्यामुळे शंकाही आली नाही. तुमचं काय काय हरवलं?

*

एक्सेल क्रॅश झालं आणि माझ्या मॅक्रोंचे सगळे शॉर्टकट मुके झाले. ते मॅक्रो ठेवलेली पर्सनल.एक्सएलएसबी फाइल तर एक्सएलस्टार्ट फोल्डरमध्ये (तिथल्या फाइली एक्सेलबरोबर आपोआप उघडतात) जागच्या जागी! शेवटी ऑप्शन्स, अ‍ॅड-इन्स, खाली मॅनेजमध्ये 'डिसेबल्ड आयटम्स'. बाईसाहेब तिथे बसल्या होत्या. एनेबल करून एक्सेल पुन्हा उघडलं.

*

सेल भरला की त्याच सेलमधलं नाव नीटनेटकं व्हावं म्हणून मी वर्कशीट-चेंज इव्हेंट (शीटवर काही बदललं की आपोआप चालणारा कोड) लिहिला. पण कोडने केलेला बदल हाही बदलच. इव्हेंट पुन्हा, पुन्हा, पुन्हा... एक्सेल थिजलं आणि गपकन बंद. मग सुरुवातीला एनेबलइव्हेंट्स (इव्हेंट चालू-बंद करणारी सेटिंग) फॉल्स, शेवटी ट्रू केलं आणि कॉलर ताठ. काही दिवसांनी कुणीतरी एकदम दहा सेल पेस्ट केले. मधल्याच ओळीवर एरर, 'एंड' दाबलं, ट्रूपर्यंत गाडी पोचलीच नाही. त्यानंतर मॅक्रो चालेना आणि एररही येईना. दोन तास कोड वाचला. शेवटी कोडच्या खिडकीत कंट्रोल-जी दाबून इमिजिएट विंडोत (तिथे लिहिलेली ओळ लगेच चालते) अ‍ॅप्लिकेशन.एनेबलइव्हेंट्स = ट्रू लिहिलं, एंटर. आता एरर हँडलरमध्येही (एरर आली की चालणाऱ्या भागात) ती ओळ असते.

*

दोन तास? एक्सेल बंद करून उघडलं असतं तरी ट्रू झालं असतं की हो!

मला मेलवरच्या फाइलने दमवलं. 2022 पासून बाहेरून आलेल्या फाइलींचे मॅक्रो सरळ अडवतात, 'एनेबल कंटेंट'चं बटणही दिसत नाही. फाइल बंद, राइट क्लिक, प्रॉपर्टीज, 'अनब्लॉक'. पाठवणारा खात्रीचा असेल तरच, अर्थात.

*

ओव्हरफ्लो, म्हणजे आकडा न मावल्याची एरर. ओळींचा आकडा इंटिजर या लहान आकड्यांच्या प्रकारात ठेवला होता. 32,767 पर्यंत सुखाने, पुढच्या ओळीला धाडकन. आता डोळे मिटून लाँग, मोठ्या आकड्यांचा प्रकार.

*

माझ्याकडे चालणारा मॅक्रो सहकारिणीच्या मशीनवर चक्क 'लेफ्ट' या मजकुराची डावीकडची अक्षरं काढणाऱ्या साध्या फंक्शनवर अडला. लेफ्टचा काही दोष नव्हता. कोडच्या खिडकीतल्या टूल्स, रेफरन्सेसमध्ये (कोडला जोडलेल्या लायब्ररींची, म्हणजे तयार कोडच्या संचांची यादी) भलत्याच लायब्ररीपुढे 'मिसिंग' लिहिलेलं. ती आम्ही वापरतही नव्हतो. टिक काढली.