पिनरसारख्या उपनगरात राहणं ही शिक्षा आहे का?

मेट्रोलँडकर:
परवा फराळाला जमलो होतो, तिथे पुन्हा तेच ऐकलं. "तुमच्या त्या उपनगरात माणूस मेला तरी आठ दिवस कुणाला पत्ता लागायचा नाही." बोलणारे सगळे दादर-परळला रस्त्याकडेच्या घरात हॉर्न ऐकत वाढलेले. मी लंडनच्या वायव्येला पिनरला राहतो, म्हणजे रेल्वेभाड्याच्या झोन ५ मध्ये. माझं म्हणणं असं की ही शांतता काही आभाळातून पडलेली नाही. लोकांनी ती ठरवून उभी केली आणि नियम पाळून राखली. आपण आयते येऊन ती उपभोगतो आणि वर तिलाच नावं ठेवतो.

मेट्रोपॉलिटन रेल्वे पिनरला आली १८८५ मध्ये. पुढे या रेल्वेने रुळांलगतच्या जादा जमिनीवर घरं बांधून विकायचा उद्योग सुरू केला आणि १९१५ पासून 'मेट्रो-लँड' या नावाने त्या भागाची जाहिरात चालवली. नोकरी शहरात करा, राहा झाडीत. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात इथे 'सेमी' घरांच्या रांगाच्या रांगा उठल्या. पुढे बाहेर आलेली गोलसर खिडकी, मागे लांबोडकी बाग, मध्ये शेजाऱ्याशी एक सामायिक भिंत. गिरगावातली चाळ सोडून पार्ल्याला गेलेल्यांनी वेगळं काय केलं होतं?

त्या भिंतीचंच बघा. मागे खोली वाढवताना तिला हात लावायचा, तर १९९६ च्या कायद्याप्रमाणे शेजाऱ्याला आधी लेखी नोटीस द्यावी लागते. आमच्या शेजारच्या आजोबांनी ती चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली, सही केली आणि म्हणाले, "तेवढी माझी क्लेमॅटिसची वेल तोडू नका." गवंड्याने वेलीला गोणपाट गुंडाळून काम केलं. पुण्यात माझ्या भावाच्या सोसायटीत असल्याच एका भिंतीवरून केस चालू आहे. आता कुठलं शेजार जास्त माणुसकीचं, ते तुम्ही ठरवा.

खिडकीतली:
दादा, तुम्ही सकाळची मेट (मेट्रोपॉलिटन लाइन) पकडता आणि रात्री येऊन झोपता. ही शांतता तुम्ही झोपेत उपभोगता, मी जागेपणी.

मी डिपेंडंट व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाच्या आधारावर आले. कायद्याने नोकरी करता येते, पण मूल लहान आहे आणि नर्सरीची फी बघितली तर माझा पगार तिच्याच घशात जाईल. सकाळी शाळेची गर्दी ओसरली की आमच्या क्लोजमध्ये (पुढे बंद असलेल्या गल्लीत) हलणारी वस्तू एकच, समोरच्यांचं मांजर. डिसेंबरात चार वाजायच्या आत अंधार. पडदे ओढले की दिवस संपला. शेजारीण खरंच भली आहे. माझी पार्सलं घेऊन ठेवते, कचऱ्याचा कुठला डबा या आठवड्यात बाहेर ठेवायचा ते मला तिच्या दाराकडे बघून कळतं. पण बोलणं सगळं उंबऱ्यावर. "ये गं आत, चहा टाकते" हे वाक्य मी इथे आल्यापासून ऐकलेलं नाही. तुमच्या आजोबांनीसुद्धा सही दारातच केली असणार.

कोल्हापुरी_लेस्टरात:
शांतता म्हणे! जानेवारीत कोल्ह्यांचा हंगाम असतो, तेव्हा रात्री दोनला या. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कुणी बाईचा गळा दाबतंय वाटून मी ९९९ फिरवणार होतो.

शिवाय फटाके. एरवी रात्री अकरानंतर बंदी, पण दिवाळीच्या रात्री एकपर्यंत वाजवायची कायद्यानेच मुभा आहे. ५ नोव्हेंबरला त्यांच्या स्वतःच्या 'बॉनफायर नाइट'च्या सणालासुद्धा बारापर्यंतच. तेव्हा साहेबाने आपल्याला गप्प बसवलं असं काही म्हणू नका.

मेट्रोलँडकर:
@खिडकीतली, त्या सहीबद्दल म्हणाल तर ती आमच्या स्वयंपाकघरात झाली, चहा घेऊन. पण आधी मी त्यांना बोलावलं होतं, हे खरं. इथे पहिलं पाऊल आपणच टाकायचं असतं. लायब्ररीत लहान मुलांची गाणी होतात, चर्चच्या हॉलमध्ये प्लेग्रुप भरतो, तिथे धर्म कुणी विचारत नाही. अलॉटमेंटसाठी, म्हणजे भाजी लावायला भाड्याने मिळणाऱ्या जमिनीच्या तुकड्यासाठी नाव घाला, थांबावं लागेल, पण एकदा वाफा मिळाला की मेथीच्या जुडीवर शंभर ओळखी होतात. आणि पिनरची जत्रा! १३३६ मध्ये तिसऱ्या एडवर्ड राजाने सनद दिली, तेव्हापासूनची. स्प्रिंग बँक हॉलिडेनंतरच्या (मेअखेरच्या सार्वजनिक सुट्टीनंतरच्या) बुधवारी हाय स्ट्रीट बंद करून भर रस्त्यात पाळणे लावतात. चक्क जत्रा हो, बत्ताशांची तेवढी उणीव.

खिडकीतली:
वर्षातून एक बुधवार. बाकीच्या ५१ बुधवारांचं काय?

ठाण्याची_आजी:
मुलाकडे सहा महिन्यांच्या व्हिसावर राहून आले, म्हणून बोलते. सगळ्यांनी घाबरवलं होतं, "काकू, वेड लागेल तुम्हाला." नाही लागलं. उलट, इतकी वर्षं संसार झाल्यावर पहिल्यांदाच कुणी "आज काय केलं? सून कशी आहे? गुडघे कसे आहेत?" असं विचारलं नाही. रोज पार्कात जाऊन बसायचे. तिथल्या बाकांवर देवाघरी गेलेल्या माणसांच्या नावाच्या पितळी पट्ट्या असतात, त्या वाचायचे. फुटपाथवर फुटपाथच असतो, वर मोटारसायकल नसते. झेब्रावर पाय ठेवला की गाडी थांबते; पहिले काही दिवस मीच थांबून गाडीला "जा बाबा" म्हणून हात करत होते.

पण खिडकीतली, बाळ, तुझं खोटं नाही. मी परत येणार होते. परतीचं तिकीट पर्समध्ये असलं की शांतता गोड लागते.

फुटपाथवाला:
दोन्ही बाजू 'मला कसं वाटतं' यातच अडकल्यात. या शांततेचं बिल कोण भरतो ते बघा.

लंडनभोवतीच्या ग्रीन बेल्टचा, म्हणजे बांधकामाला मनाई असलेल्या हिरव्या पट्ट्याचा कायदा १९३८ चा, पुढे १९५५ पासून ते देशभराचं धोरण झालं. हेतू चांगला होता, शहर पसरू नये. पण शहर पसरू द्यायचं नाही आणि आहे त्या उपनगरात उंचही बांधू द्यायचं नाही, म्हटल्यावर माणसांनी राहायचं कुठे? स्टेशनच्या कार पार्कवर फ्लॅट बांधायचा प्रस्ताव आला की हरकतींची पत्रं सुरू: उजेड अडेल, जीपीवर (फॅमिली डॉक्टरवर) ताण येईल, 'भागाचं स्वरूप' बिघडेल. आणि सह्या करणाऱ्यांत आपले लोक पहिल्या रांगेत. स्वतः आत शिरले, लगेच कडी लावली. लोकल डब्यातल्या दारात उभ्या माणसाची सवय साता समुद्रापार आली.

@मेट्रोलँडकर, तुम्ही त्या पत्रावर सही केलीत का? हो की नाही, एवढंच सांगा.

मेट्रोलँडकर:
केली. आणि पुन्हा करीन. स्टेशनला पार्किंग नको म्हणणाऱ्यांना गुडघेदुखीची म्हातारी माणसं दिसत नाहीत. आयुष्यभराचं कर्ज काढून घर घेतलं, ते समोरच्या दहा मजल्यांच्या सावलीत बसायला नव्हे.

जुना_विल्सडेनकर:
आम्ही सत्तरच्या दशकात आलो. तुम्हा तरुणांना वाटतं ही उपनगरं पहिल्यापासून आपली वाट बघत होती. या देशात रंगावरून घर नाकारणं बेकायदा ठरलं ते १९६८ च्या कायद्याने. त्याआधी घरमालक तोंडावर दार लावायचा आणि तक्रार करायला जागा नव्हती. कायदा झाल्यावरही 'खोली आत्ताच गेली' हे उत्तर आम्ही पुष्कळदा ऐकलं. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातून हाकललेले गुजराती आले, त्यांतले बरेच वेंब्ली-हॅरोकडे स्थिरावले. त्यांनी दुकानं टाकली म्हणून आज तुम्हाला कोपऱ्यावर कढीपत्ता मिळतो. 'भागाचं स्वरूप बिघडेल' हे वाक्य तेव्हा आमच्याबद्दल बोललं जायचं. मेट्रोलँडकर, सही करताना एवढं आठवा, बाकी तुमची मर्जी.

आणि खिडकीतली ताई, डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळ आहे, १९३२ पासूनचं. गणपतीपुरतंच नका येऊ. मंडळात राजकारण आहे, ढोकळा थंड असतो, पण "ये आत" म्हणणारं कुणीतरी नक्की भेटेल.

मेट्रोलँडकर:
काका, तुमचा मान राखून सांगतो, माणसांना नाही म्हणणं आणि दहा मजल्यांना नाही म्हणणं यात फरक आहे.

फुटपाथवाला:
त्या दहा मजल्यांत माणसंच राहणार होती ना?

खिडकीतली:
धन्यवाद काका, येते मंडळात. तसंही आम्ही आता वेंब्लीला ईलिंग रोडच्या मागे घर बघतोय. खोल्या लहान, भाडं कमी नाही, खाली मिठाईचं दुकान. नवरा म्हणतो तिथे पार्किंगची बोंब आहे. असू दे. मला कुठे गाडी चालवता येते!