कोर वाढवण्याआधी रॅम बघा
नाशिकच्या तुमच्या वेब सर्व्हरला ४ कोर, ४ जीबी रॅम, ६० वर्डप्रेस साइट्स आणि लोड (चालू नि खोळंबलेल्या कामांची सरासरी संख्या) ३५, म्हणून कोर वाढवू का, असं विचारताय. कोर वाढवायच्या आधी ‘टॉप’ कमांडमधला ‘डब्ल्यूए’ बघा, म्हणजे सीपीयू डिस्कची वाट बघत किती टक्के वेळ बसून असतो ते. तो ३०-४० टक्के असेल तर सीपीयू मोकळाच आहे, डिस्क अडकलीय, आणि ती बहुधा स्वॅपमुळे, म्हणजे रॅम पुरेना म्हणून डिस्कच रॅमसारखी वापरली जातेय. ‘व्हीएमस्टॅट १’ ही कमांड लावा. ‘एसआय’, ‘एसओ’ हे स्वॅपमधली ये-जा दाखवणारे रकाने सतत शून्याच्या वर असले की रॅम संपलीच समजा.

वेब सर्व्हर अपाचे प्रीफोर्क पद्धतीत प्रत्येक विनंतीला एक वेगळी प्रोसेस (वर्कर) देतो, आणि त्यांची कमाल मर्यादा ‘मॅक्स रिक्वेस्ट वर्कर्स’ मुळात २५६ असते. पीएचपीसकट एक प्रोसेस ८० एमबी धरा, हिशेब २० जीबीवर जातो! मायएसक्यूएल आणि सिस्टिमला दीड जीबी सोडलं तर उरतात अडीच, म्हणजे जेमतेम ३० वर्कर्स. बाकीच्यांना रांगेत थांबू द्या. पर्वणीला रामकुंडावर सगळ्यांना एकदम सोडतात का?

मग अ‍ॅक्सेस लॉग, म्हणजे सर्व्हरवर आलेल्या विनंत्यांची नोंद, बघा. लॉगिन पानावर किंवा एक्सएमएल-आरपीसीवर (बाहेरच्या अ‍ॅप्सना वर्डप्रेसशी बोलायचं दार) एकाच आयपीवरून पोस्ट विनंत्यांचा मारा दिसला तर तो आयपी अडवा. एक्सएमएल-आरपीसी सरसकट बंद करू नका, त्यावर चालणारं जेटपॅक प्लगइन वापरणारे ओरडतील.

डब्ल्यूपी-क्रॉन, म्हणजे वर्डप्रेसची वेळेवर करायची कामं, हेही साइटवर येणाऱ्या पाहुण्यांच्या भेटीवर सोडू नका. कॉन्फिगमध्ये बंद करून सर्व्हरच्या स्वतःच्या वेळापत्रकातून (सिस्टिम क्रॉन) दर १५ मिनिटांनी चालवा. फक्त साठही साइट्सना एकच मिनिट देऊ नका, मिनिटाला चार-चार वाटून द्या.