“बोकाच पाळा, मांजरी नको” : हे कुणी शिकवलं?

कडक_भाकरी
काल इथं कुणीतरी लिहिलं, “बोकाच घ्या. नसबंदीच्या ऑपरेशनचा खर्च नाही, पिल्लांची कटकट नाही.” आणि खाली लाइकचा पाऊस. अहो, बोक्याचं ऑपरेशन करायचं नसतं हे कुठनं काढलं? वयात आला की शेपटी ताठ करून थरथरवतो आणि भिंतीवर मुताची धार मारतो. मांजरीच्या वासावर गायब होतो, परततो तो फाटका कान आणि मानेवर गळू घेऊन. एफआयव्ही, म्हणजे मांजराची प्रतिकारशक्ती खाणारा विषाणू, मुख्यतः त्या चाव्यांतूनच पसरतो. त्याचं ऑपरेशन म्हणजे दोन बारीक छेद, बहुतेकदा टाकेही नाहीत. मांजरीचं पोट उघडावं लागतं, १०-१२ दिवस टाके चाटू द्यायचे नाहीत. फरक तेवढाच.

चादरवाला
पोस्ट माझी. मांजरी ५-६ महिन्यांची झाली की माजावर. बोका भेटला नाही तर २-३ आठवड्यांनी परत तीच रात्रभर बोंब. भेटला तर ६३-६५ दिवसांत पिल्लं, ती दूध पीत असतानाच ही पुन्हा गाभण. माज दिवसाच्या उजेडावर ठरतो, आणि आपल्याकडं हिवाळ्यातही दिवस फार लहान होत नाही, म्हणून वर्षभर सुट्टी नाही. बोका घरात पिल्लं तरी घालत नाही.

हुरडा_किंग
म्हणजे पिल्लं शेजाऱ्याच्या माळ्यावर आणि तुमचे हात वर. वा बे!

विजापूर_रोड
आधी ओळखायला तरी शिका. शेपटी उचला. बोक्याला विसर्गासारखी दोन टिंबं, मध्ये अंडकोशाची जागा. मांजरीला गुदद्वाराच्या अगदी खाली उभी चीर. काळं-केशरी-पांढरं असेल तर जवळजवळ नक्की मांजरी, कारण केशरीचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, आणि काळं-केशरी दोन्ही दिसायला दोन एक्स लागतात; बोक्याला एकच असतं. नुसतं केशरी म्हणजे बोकाच, असं मात्र नाही. पाचात एखादी मांजरी निघते.

चादरवाला
बरं मास्तर. धार मारलीच तर फिनेल आहे की.

कडक_भाकरी
फिनेल?! काळ्या फिनेलमधलं फिनॉल मांजराच्या यकृताला पचवता येत नाही. ओल्या फरशीवर चालतं, पंजे चाटतं, विष पोटात. हे माहीत नसताना सल्ले देताय?

हुरडा_किंग
ब्लीचही नको. मुतातल्या अमोनियाशी मिसळून वायू होतो, छातीत जळजळ.

शेंगाचटणी
चादरीवर मुतलं तर आधी कोरड्या फडक्यानं दाबून टिपा, घासू नका. गार पाणी, गरम पाण्यानं वास धाग्यात बसतो. मग व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, १५ मिनिटं. खायचा सोडा त्यानंतर, व्हिनेगरसोबत एकत्र ओतला तर दोन्ही वाया.

विजापूर_रोड
व्हिनेगरनं मुतातलं युरिक ॲसिड तुटत नाही, ताई. दमट हवेत वास परत येतो आणि बोका त्याच कोपऱ्यात परत. एन्झाइमवालं क्लीनरच लागतं, आणि ते ओलं राहिलं तरच काम करतं. उन्हात टाकून लगेच वाळवलंत तर पैसे गेले.

शेंगाचटणी
नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, दादा. चादर ओली ठेवायची की भांडी घासायची?

विजापूर_रोड
मग बोक्याचं वेळेत ऑपरेशन करा. दहातले नऊ धार मारायचं थांबतात.

चादरवाला
झालं! पण मांजरीच्या ऑपरेशनची फी जास्त, एवढं तरी कबूल करा.

कडक_भाकरी
कबूल. आणि आता लघवी तुंबलेल्या बोक्याला कॅथेटर (लघवीची नळी) घालून सलाईनवर ठेवायची फी विचारून या. त्याची मूत्रनळी अरुंद, त्यात कोरडं खाणं, वर उन्हाळ्यात पाणी कमी. मातीत बसून जोर लावतोय आणि थेंब नाही, तर बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजत बसू नका. तासाभरात डॉक्टर गाठा. एक-दोन दिवसांत जीव जातो. हे ऑपरेशन केलेल्यालाही होतं, मांजरीला क्वचित.

चादरवाला
हे आधी सांगायचं ना. उगाच फिनेलवर भांडलात.