‘सोऽझाइया’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : एका जपानी कथेचा अनुवाद करतेय. त्यातली बाई कामावरून परतताना रोज ‘सोऽझाइया’त, म्हणजे तयार पदार्थांच्या दुकानात, थांबते. कोशात ‘डेलिकेटेसन’ दिलंय, पण त्यातून मराठी वाचकाला काय कळणार? ‘हॉटेल’ लिहिलं तर ती तिथेच बसून जेवते असं वाटेल. ‘पोळी-भाजी केंद्र’ चालेल का?

उत्तर : जवळ जातं, पण पोळीपाशी अडतं. सोऽझाइ म्हणजे भाताबरोबर खायचे तयार पदार्थ : बटाट्याचं सॅलड, कोरोक्के (बटाट्याचे तळलेले कटलेट), सोया सॉस घालून शिजवलेलं हिजिकी हे समुद्री शेवाळ, तळलेलं चिकन. काचेमागे ट्रे मांडलेले असतात आणि पुष्कळ पदार्थांवर 100 ग्रॅमचा भाव लिहिलेला असतो. भात बहुधा घरीच लावलेला असतो. बाहेरून आणून घरी खाण्याच्या या प्रकाराला जपानीत ‘नाकाशोकु’ म्हणतात, म्हणजे घरी रांधणं आणि बाहेर जेवणं यांच्या मधलं खाणं.

घरगुती बोलीत या पदार्थांना ‘ओकाझु’ म्हणतात. ‘काझु’ म्हणजे संख्या. पानात असे पदार्थ अनेक असतात म्हणून हे नाव, आणि ते आलं राजदरबारातल्या स्त्रियांच्या बोलीतून. मराठीत याला सर्वांत जवळचा शब्द मला साताऱ्या-कोल्हापूरकडचा ‘कोरड्यास’ वाटतो. भाकरीबरोबर जे काही असेल ते कोरड्यास, तसं भाताबरोबर जे काही असेल ते ओकाझु. ‘भाजी’ म्हटलं की मासे आणि चिकन बाहेर राहतात, ‘तोंडीलावणं’ म्हटलं की पदार्थ लोणचं-चटणीच्या रांगेत जाऊन बसतो.

आता ‘सोऽझाइया’तला शेवटचा ‘या’. त्याचा मूळ अर्थ घर, छप्पर. तोऽफुया (तोऽफु म्हणजे सोयाबीनचं पनीर), साकानाया (मासे), याओया (भाजीपाला, ‘याओ’ म्हणजे 800, इथे अर्थ ‘नाना प्रकारचं’). पण ‘या’ म्हणजे नुसतं दुकान नव्हे, तो दुकानदारही. पावाला जपानीत ‘पान्’ म्हणतात, आणि ‘मी पान्या-सान होणार’ असं लहान मूल म्हणतं तेव्हा त्याला बेकरी नाही, बेकरीवाला व्हायचं असतं. मराठीची वाट उलटी आहे. आपण माणसाचं नाव घेऊन दुकान सांगतो : वाण्याकडून साखर आण, सोनाराकडे जाऊन ये. म्हणून ‘या’ला दर वेळी ‘दुकान’ हा शब्द चिकटवू नका, ‘-वाल्याकडे’ पुष्कळदा जास्त नेमकं बसतं. साकानायाची मात्र ‘कोळीण’ करू नका, तिच्याबरोबर टोपली आणि मुंबईचा किनारा आपोआप येतो.

प्रश्न : पण याच दुकानाला कथेत एकदा ‘सोऽझाइतेन्’ म्हटलंय आणि सुपरमार्केटात ‘देरिका’. हे वेगळे प्रकार आहेत का?

उत्तर : माल थोडाफार तोच, शब्दाचा पोशाख वेगळा. बोलताना साकानाया, पाटीवर किंवा कागदोपत्री ‘सेन्ग्योतेन्’. बोलताना याओया, लिहिताना ‘सेइकातेन्’. ‘तेन्’वाले शब्द चिनी घडणीचे, आपल्या तत्सम शब्दांसारखे भारदस्त. ‘देरिका’ हे ‘डेलिकेटेसन’चंच जपानी लघुरूप. आपल्याकडे ‘मिठाईचं दुकान’, ‘मिष्टान्न भांडार’ आणि ‘स्वीट मार्ट’ एकाच रस्त्यावर असतात, तसंच हे. त्यामुळे बाईच्या तोंडी ‘केंद्र’ किंवा ‘भांडार’ घालू नका, ते पाटीवर शोभतं.

आणखी एक जपून करायची गोष्ट. ऱ्हस्व ‘ओ’चा ‘सोझाइ’ हा निराळाच शब्द आहे, त्याचा अर्थ कच्चा माल. देवनागरीत ‘ओ’चे ऱ्हस्व-दीर्घ दाखवायची सोय नाही, म्हणून अवग्रह (ऽ) टिकवून ठेवा. तांदळाच्या चिकट गोळ्यांना जपानीत ‘मोचि’ म्हणतात, त्यातली ‘चि’ही ऱ्हस्वच लिहा. ‘मोचि घ्यावी मोचियाकडूनच’ अशा अर्थाची त्यांची म्हण आहे, ज्याचं काम त्यानंच करावं या भावाची. दीर्घ लिहिलंत तर मराठी वाचक थेट चांभाराकडे पोचेल.

आणखी एक उत्तर : पान् आणि आपला पाव, दोन्ही पोर्तुगीज ‘पांव’वरूनच आले. पान्याला आमच्या गोव्यात पोदेर म्हणतात, तोही पोर्तुगीजच शब्द. पोदेर सायकलवरून हॉर्न वाजवत वाड्यावर, म्हणजे वस्तीत, येतो, आणि जपानात तोऽफुया पूर्वी छोटा कर्णा फुंकत गल्लोगल्ली फिरायचा. त्याचे दोन सूर लोकांना ‘तोऽ-फु’ असेच ऐकू यायचे. पोदेर म्हटलं की आम्हाला आधी तो माणूस आठवतो, त्याची भट्टी नंतर. ‘या’मधला माणूस मला या शब्दामुळे चटकन कळला.

प्रश्नकर्ती : मग ‘इडलीवाला’सारखं ‘सोऽझाइवाला’ करते आणि अर्थ वाक्यातच उलगडते : ‘भात सकाळीच लावून ठेवला होता. त्याच्याबरोबर काय न्यावं ते बघायला ती सोऽझाइवाल्याकडे थांबली आणि दोन कोरोक्के, थोडं हिजिकी बांधून घेतलं.’

उत्तर : छान. ‘बांधून घेतलं’ तर अगदी बरोबर. आता तळटीप द्यायची गरज नाही.