केमोनंतर नुसता आराम नको

कर्करोगाची केमो संपल्यावर वडिलांना चालायला लावावं का, असं इथे कुणीतरी विचारलंय आणि दोघातिघांनी ‘जपा, झोपून राहू द्या’ असं सुचवलंय. मला हे अजिबात पटत नाही.

२०२५ मध्ये ‘चॅलेंज’ चाचणीचे निष्कर्ष आले. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचं ऑपरेशन आणि केमो पूर्ण झालेले ८८९ रुग्ण, बहुतेक कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातले. निम्म्यांना नुसती माहितीपुस्तिका दिली. बाकीच्यांकडून मार्गदर्शक नेमून तीन वर्षं व्यायाम करून घेतला. पाच वर्षांनी कर्करोग न उलटता जिवंत असलेले व्यायामाच्या गटात ८० टक्के, दुसऱ्यात ७४. आठ वर्षांनी हयात असलेले ९० आणि ८३. हा फरक नव्या औषधाने पडला असता तर आपण कर्ज काढून ते आणलं असतं!

व्यायाम तरी केवढा? आठवड्यातून तीनचार वेळा पाऊणएक तास भरभर चालणं, नेहमीच्या हालचालीत एवढी वाढ पुरते. स्नायू-सांध्यांची दुखणी मात्र त्या गटात जास्त झाली, म्हणून हळूहळू वाढवा. पोटाचा टाका, हर्निया, रक्ताचं प्रमाण हे आधी डॉक्टरांना विचारून घ्या. आणि पहिले काही दिवस तुम्ही स्वतः त्यांच्यासोबत चाला.